पार्शल की टोटल? आईच्या गुडघ्यांसाठी दोन डॉक्टर, दोन मतं

कृष्णाकाठ | ४ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

आम्ही सांगलीत राहतो. आई ६४ वर्षांची, वजन ७१ किलो, मधुमेह आहे, गोळ्या चालू. सहा वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. सुरुवातीला फक्त जिना उतरताना दुखायचे. मग मंडईतून घरी येईपर्यंत दोनदा थांबावं लागायला लागलं. आता रात्री कूस बदलली तरी जाग येते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. माझ्या लग्नाच्या फोटोत ते सरळ दिसतात, त्यामुळे हे गेल्या काही वर्षांतलंच आहे.

शेक, तेल, पट्टे, गोळ्या सगळं झालं. दोन वर्षांपूर्वी ‘वंगणाची’ इंजेक्शनं घेतली. दोन महिने बरं वाटलं, मग परत तेच.

आता दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, दोन्ही गुडघे एकाच वेळी टोटल, म्हणजे पूर्ण सांधाबदल, करून टाकू. पार्शलचं, म्हणजे फक्त झिजलेला भाग बदलण्याचं, विचारलं तर म्हणाले, ‘ते दहा वर्षांत परत उघडावं लागतं, एकदाच काय ते करा.’ दुसरे म्हणाले, ‘उजव्याला बहुतेक पार्शल पुरेल. चांगला असलेला भाग कापून का टाकायचा?’ दोघंही नावाजलेले आहेत, दोघांचंही ऐकताना पटतं, आणि घरी आलं की काहीच ठरवता येत नाही.

आईची अट एकच आहे. देवासमोर मांडी घालून बसता आलं पाहिजे. बाकी तुम्ही ठरवा म्हणते.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

अनघा७२ | ४ जानेवारी, रात्री १०.२५

कृष्णाकाठ, माझे दोन्ही गुडघे टोटल आहेत, २०१९ मध्ये पुण्यात झाले, तीन महिन्यांच्या अंतराने. आज मी रोज अर्धा तास चालते, जिना रेलिंग धरून चढते-उतरते, आणि मुख्य म्हणजे रात्री झोपते. त्या झोपेची किंमत ज्याचे गुडघे दुखलेत त्यालाच कळेल. त्यामुळे टोटलला घाबरू नका.

पण खरं सांगायचं तर मांडी मला घालता येत नाही. गुडघा साधारण ११० अंशांपर्यंत वाकतो. पूजा मी खुर्चीवर बसून करते. आणि गुडघा ‘आपला’ वाटायला मला जवळपास वर्ष लागलं. अजूनही थंडीत आत काहीतरी कडक, परकं आहे अशी जाणीव होते. दुखत नाही, पण जाणवतं.

अस्थिरोगी_डॉ | ४ जानेवारी, रात्री ११.५०

मी हाडांचा डॉक्टर आहे, सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. आईंना तपासलेलं नसल्यामुळे त्यांच्यासाठी काय योग्य ते मी सांगणार नाही. पण दोन डॉक्टरांची मतं वेगळी का पडतात ते सांगू शकतो.

गुडघ्यात तीन खण असतात असं समजा. एक आतल्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडचा. एक बाहेरच्या बाजूचा. आणि एक पुढचा, वाटीच्या मागचा. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत झीज आतल्या खणात सुरू होते. तिथली कूर्चा, जिला आपण गादी म्हणतो, ती घासून गेली की पाय बाहेर वाकतो, पाय वाकला की आतल्या खणावर आणखी भार येतो, आणि ते चक्र चालू राहतं. तुमच्या आईंच्या फोटोतला फरक तो हाच.

पार्शलमध्ये फक्त त्या एका खणाचे पृष्ठभाग बदलतात. मांडीच्या हाडाच्या एका कोपऱ्याला धातूचं टोपण, खाली नडगीच्या हाडावर धातूची छोटी तबकडी, मध्ये पॉलिथिनची चकती. बाकीचे दोन खण आणि सगळे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, जागेवर राहतात. टोटलमध्ये दोन्ही हाडांची टोकं साधारण आठ-दहा मिलिमीटर तासून पूर्ण पृष्ठभाग बदलतात, गरज असेल तर वाटीची मागची बाजूही. गुडघा अख्खा कापून काढतात असा लोकांचा समज असतो, तो चूक आहे. दाताला कॅप बसवतात तसं ते आहे. मात्र टोटलमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मध्यातला पुढचा लिगामेंट, सहसा काढावा लागतो. मेंदूला गुडघ्याची ‘खबर’ देण्यात त्या लिगामेंटचाही वाटा असतो. अनघाताईंनी लिहिलेला परकेपणा काही अंशी तिथून येतो.

म्हणून पार्शल की टोटल हे रुग्णाच्या आवडीवर किंवा डॉक्टरच्या सवयीवर ठरू नये. झीज एकाच खणात आहे का? एसीएल शाबूत आहे का? बाहेरच्या खणातली कूर्चा पूर्ण जाडीची आहे का? वाकलेला पाय हाताने दाब देऊन सरळ होतो का? गुडघा सरळ करताना राहणारा बाक पंधरा अंशांच्या आत आहे का? संधिवाताचा, म्हणजे आमवाताचा आजार नाही ना? या सगळ्यांची उत्तरं हवी तशी आली तर पार्शलचा विचार व्हायलाच हवा. एकाचंही उत्तर बिनसलं तर टोटल.

एक साधी खूण घरी बघा. आईंना म्हणा, कुठे दुखतं ते दाखवा. एक बोट एका जागी ठेवतात, की पूर्ण तळहात फिरवतात?

कृष्णाकाठ | ५ जानेवारी, सकाळी ७.१५

डॉक्टर, आत्ताच विचारलं. उजव्या गुडघ्याला एक बोट, आतल्या बाजूला, तीनदा विचारलं तर तीनदा तिथंच. डाव्याला तळहात फिरवला आणि म्हणाली, ‘हा सगळाच दुखतोय गं.’

सहा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

लेस्टरकर | ५ जानेवारी, दुपारी २.१०

इंग्लंडमध्ये वीस वर्षं आहे. सौ.चा उजवा गुडघा पार्शल झाला, त्या वेळी जे वाचलं ते लिहितो.

पार्शलचं सगळ्यांत जास्त वापरलं गेलेलं एक डिझाइन इथलंच, ऑक्सफर्डचं. जॉन गुडफेलो हे सर्जन आणि जॉन ओ’कॉनर हे अभियंते, दोघांनी मिळून ते १९७० च्या दशकात तयार केलं. पुढे टॉपकॅट नावाची चाचणी झाली. २७ रुग्णालयं, ५२८ रुग्ण, सगळ्यांच्या गुडघ्यात झीज फक्त आतल्या खणात. अर्ध्यांना पार्शल, अर्ध्यांना टोटल, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी. पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दुखणं आणि हालचाल या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. परत ऑपरेशन करावं लागण्यातही मोठा फरक नव्हता. गुंतागुंत आणि खर्च मात्र पार्शलमध्ये कमी. २०२० पासून इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की झीज फक्त आतल्या खणात असेल तर रुग्णासमोर दोन्ही पर्याय ठेवायचे.

सौ. दुसऱ्या दिवशी घरी आली. सहाव्या आठवड्यात गाडी चालवली. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी पार्शल एका वाक्यात उडवून लावलं, ते मला पटत नाही.

सह्यभटक्या | ५ जानेवारी, रात्री ८.३०

लेस्टरकर, तुमच्या सौ.चं चांगलं झालं याचा आनंद आहे. आता माझं ऐका.

२०१४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी माझा डावा गुडघा पार्शल केला. ‘छोटा छेद, लवकर चालाल, परत गड चढाल.’ मला तेच ऐकायचं होतं, मी हो म्हटलं. पहिलं वर्ष उत्तम गेलं. राजगड चढून आलो. दुसऱ्या वर्षापासून बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. चार वर्षं ‘स्नायू कमजोर आहेत, व्यायाम करा’ ऐकत राहिलो. शेवटी दुसरीकडे दाखवलं तेव्हा कळलं की बाहेरचा खणही झिजलाय. २०२१ मध्ये ते काढून टोटल केलं. म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च, दोनदा वॉकर, आणि बायकोची दोनदा फरपट.

नंतरच्या डॉक्टरांनी जुने एक्स-रे बघितले. म्हणाले, बाहेरच्या खणात तेव्हाच अंतर कमी दिसतंय. मी पहिल्या डॉक्टरांना कधी विचारलं नव्हतं की तुम्ही वर्षाला अशी किती पार्शल करता. नंतर कळलं, मोजून दोन-तीन.

चाचण्यांचे आकडे खोटे असतील असं म्हणत नाही. पण ‘लॅन्सेट’मध्येच त्याच वर्षी दुसरा लेख होता ना, सांधे किती वर्षं टिकतात त्यावर? पंचवीस वर्षांनी टोटल साधारण ८२ टक्के टिकलेले, पार्शल ७० टक्के. उरलेल्या ३० मध्ये मी आहे.

अस्थिरोगी_डॉ | ६ जानेवारी, रात्री १२.२०

सह्यभटक्या, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जे सोसलंत ते सोसावं लागायला नको होतं.

तुमचे आकडे बरोबर आहेत. लेस्टरकरांचेही बरोबर आहेत. दोन्ही खरे कसे, ते समजून घेण्यासारखं आहे.

टॉपकॅटमध्ये रुग्ण निवडून घेतलेले होते आणि शस्त्रक्रिया करणारे त्यात मुरलेले होते. देशभराच्या सांधेबदलांच्या नोंदवहीत मात्र सगळेच येतात. वर्षाला पन्नास पार्शल करणारेही आणि दोन करणारेही, नीट निवडलेला गुडघाही आणि चुकीचा निवडलेलाही. इंग्लंडच्या नोंदींवरच्या अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलं आहे की ज्यांच्या एकूण गुडघेबदलांत पाचातलं निदान एक पार्शल असतं, त्यांचे निकाल चांगले लागतात. जे कधीमधी करतात त्यांचे पार्शल जास्त उघडावे लागतात. म्हणजे प्रश्न ‘पार्शल टिकतं का’ इतकाच नाही, ‘कुणी, कुठल्या गुडघ्यात बसवलं’ हाही आहे.

दुसरी बाब. पार्शल दुखलं तर त्याचं टोटल करणं तुलनेने सोपं असतं, म्हणून सर्जन लवकर तयार होतो. टोटल दुखलं तर ते काढून नवीन बसवणं मोठं काम आहे, म्हणून सर्जन आणि रुग्ण दोघंही सहन करत राहतात. टोटल झालेल्यांपैकी दहा ते वीस टक्के लोक पूर्ण समाधानी नसतात, आणि त्यातले बरेच ‘टिकलेल्या’ ८२ मध्येच मोजले जातात.

आणि उलट बाजूही सांगतो. पार्शलची शिफारस करणारा प्रत्येक डॉक्टर जपूनच निवडतो असं नाही. ‘छोटा छेद’ हे शब्द जाहिरातीसारखे वापरले जातात. छेद किती लहान यावर कुणीही निर्णय घेऊ नये.

कृष्णाकाठ, एक्स-रे उभं राहून काढलेत का?

कृष्णाकाठ | ६ जानेवारी, सकाळी ९.०५

फाइल काढून बघितली. पहिल्या ठिकाणचे झोपवून काढलेले आहेत. दुसऱ्या ठिकाणी उभं करून काढले, पण फक्त समोरून. त्यांनी ‘स्ट्रेस एक्स-रे’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. आम्हाला वाटलं उगाच आणखी एक तपासणी, म्हणून काढलाच नाही.

अस्थिरोगी_डॉ | ६ जानेवारी, दुपारी १.३०

तो काढा. झोपून काढलेल्या एक्स-रेत अंगाचा भार गुडघ्यावर नसतो, त्यामुळे घासलेला खणही भरलेला दिसतो. उभं राहून समोरून, गुडघा थोडा वाकवून उभं राहून, बाजूने, आणि वाटीचा वेगळा, एवढे एक्स-रे हवेत. स्ट्रेस एक्स-रेत तंत्रज्ञ किंवा डॉक्टर पाय बाहेरच्या दिशेने ढकलून धरतात. त्यात दोन गोष्टी कळतात. आतला बंद झालेला खण उघडून पाय सरळ होतो का, आणि त्याच वेळी दाबाखाली बाहेरच्या खणातलं अंतर शाबूत राहतं का. सह्यभटक्यांच्या बाबतीत हा एक एक्स-रे कदाचित सगळं सांगून गेला असता. बाजूच्या एक्स-रेतही बरंच कळतं. नडगीच्या हाडावरची झीज पुढच्या भागात असेल तर एसीएल बहुधा ठीक असतो, मागपर्यंत गेली असेल तर तो गेलेला असण्याची शक्यता जास्त. शंका राहिलीच तर एमआरआय.

तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तो लिहून दिला, ही चांगली खूण आहे.

निवृत्त_गुरुजी | ६ जानेवारी, सायंकाळी ६.००

बार्शीहून नमस्कार. वय ७३, उजवा गुडघा टोटल, दीड वर्ष झाले. आमच्या पिढीला हे ऑपरेशन ठाऊक झाले ते अटलबिहारी वाजपेयींमुळे. २००० च्या ऑक्टोबरात त्यांचा डावा गुडघा बदलला आणि २००१ च्या जूनमध्ये उजवा, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. पंतप्रधानांनाही दोन्ही एकदम केले नाहीत, मध्ये आठ महिने जाऊ दिले, हे मला आजही आठवते. सून म्हणाली होती ‘दोन्ही एकदम करून टाका’, तेव्हा मी हेच सांगितले.

खर्चाबद्दल. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत सरासरी दीड लाखाच्या वर होती, ती ५४,७२० रुपयांवर आणली, वर जीएसटी. टायटॅनियम किंवा झिर्कोनियमसारख्या खास धातूची ७६,६०० ठरवली. हे मूळ आदेशातले आकडे आहेत. ही मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीला आहे. खोली, सर्जनची फी, भूल, औषधे हे रुग्णालय लावील तसे. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो, ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पुढे कधी गुडघा उघडावा लागला तर त्या वेळच्या डॉक्टरांना तो कागद लागतो. विमा असेल तर सांधेबदलासाठी प्रतीक्षा कालावधी किती आहे ते आधी वाचा. तो दोन-तीन वर्षांचा असू शकतो.

डॉक्टरसाहेबांना एक विचारतो. रोबोटने केलेले अधिक चांगले काय? माझ्या वेळी त्यासाठी वेगळे पैसे सांगितले होते, मी घेतले नाही.

अस्थिरोगी_डॉ | ६ जानेवारी, रात्री ११.१०

गुरुजी, रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. तो सर्जनच्या हाताला मापाबाहेर जाऊ देत नाही. हाडाचा काप आणि सांध्याचा कोन जास्त अचूक बसतो, हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि पार्शलमध्ये अचूकतेला महत्त्वही आहे. पण त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी रुग्ण अधिक सुखी असतात, असं सिद्ध झालेलं नाही. सर्जन चांगला असेल तर रोबोट नसल्याने तुमचं काही बिघडलेलं नाही. आणि रोबोट आहे म्हणून चुकीचा गुडघा पार्शलसाठी योग्य ठरत नाही.

डॉ. राणावतांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आजच्या टोटल गुडघ्याचा पूर्वज मानला जातो तो ‘टोटल कॉन्डायलर’ सांधा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्या गटाने बनवला, त्यात इन्सॉल आणि वॉकर यांच्याबरोबर ते होते. मध्य प्रदेशातून गेलेला माणूस. आम्ही शिकत होतो तेव्हा याचं फार अप्रूप होतं.

नव्याने_आलो | ७ जानेवारी, सकाळी ११.००

ऑपरेशनची घाई कशाला? माझ्या मामांनी स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपीचं इंजेक्शन घेतलं. शिवाय दुर्बिणीने आतला कचरा धुऊन काढतात असंही ऐकलंय. आधी ते करून बघा.

अस्थिरोगी_डॉ | ७ जानेवारी, रात्री ९.४५

दुर्बिणीने धुण्याबद्दल २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर चाचणी झाली. काहींना खरोखर धुऊन दिलं, काहींना फक्त कातडीवर छेद देऊन परत शिवलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. पीआरपीवर ऑस्ट्रेलियात २८८ जणांची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा वर्षभराने दुखणं जास्त कमी झालं नाही. तुमच्या मामांना बरं वाटलं असेल तर आनंदच आहे. पण ज्यांची हाडं एकमेकांवर घासायला लागलीत त्यांना त्यावर पैसे घालवायला मी सांगणार नाही.

घाई नको हे मात्र अगदी बरोबर. गुडघेबदल हे कधीच तातडीचं ऑपरेशन नसतं.

मीनल_फिजिओ | ७ जानेवारी, रात्री १०.३०

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मांडीच्या अटीबद्दल कुणी नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनात तोच प्रश्न असतो आणि डॉक्टरांसमोर विचारायला त्या संकोचतात.

पार्शल झालेला गुडघा साधारणपणे जास्त वाकतो, आणि वाकताना आपल्यासारखा वाटतो. माझ्याकडच्या पार्शलच्या बऱ्याच रुग्णांना सहा-आठ महिन्यांनी मांडी जमली. टोटलच्या काहींना जमली, जास्त करून ज्यांचा गुडघा ऑपरेशनच्या आधीही चांगला वाकत होता त्यांना. हे महत्त्वाचं आहे. आधी जेवढा वाकतो, साधारण तेवढाच नंतर वाकतो. त्यामुळे आईंचा गुडघा आज किती वाकतो ते मोजून घ्या.

पण मांडी जमणं आणि रोज घालणं यांत फरक आहे. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर अंगाच्या कितीतरी पट भार येतो. पार्शलच्या काही प्रकारांत मधली चकती सरकती असते. पूर्ण उकिडवं बसलं तर ती जागेवरून निसटण्याचा धोका असतो, आणि आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या देशांत तो जास्त असतो. सर्जनला विचारा की चकती सरकती आहे की पक्की. देवासमोर उंच पाट किंवा चौरंग ठेवून त्यावर बसणं हा मधला मार्ग आहे. देव थोडे वर मांडले की झालं. भारतीय शौचालय मात्र दोन्हींत बंद, कमोडच.

ऑपरेशनला वेळ असेल तर आजपासून व्यायाम सुरू करा. पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. दिवसातून तीन वेळा. मांडीचा पुढचा स्नायू ज्याचा मजबूत, तो वॉकर लवकर सोडतो. आणि वजन. एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. काही जणांचं ऑपरेशन त्यामुळेच दोन-तीन वर्षं लांबतं.

अनघा७२ | ८ जानेवारी, सकाळी ८.००

मीनलताई, ‘देव थोडे वर मांडले की झालं’ हे मला २०१९ मध्ये कुणी सांगायला हवं होतं. मी सहा वर्षं खुर्चीतून खाली वाकून फुलं वाहतेय. आज देव्हारा उचलून ओट्यावर ठेवते.

कृष्णाकाठ | १९ जानेवारी, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. स्ट्रेस एक्स-रे काढले, दोन्ही गुडघ्यांचे. दुसऱ्या डॉक्टरांनी समोर बसवून दाखवले.

उजवा : आतला खण पूर्ण बंद, हाड हाडाला टेकलेलं. पण दाब दिल्यावर तो उघडतो आणि बाहेरचा खण भरलेला राहतो. एसीएल घट्ट. त्यांनी मला स्वतःच्या हाताने नडगी पुढे ओढून बघायला लावली. डावा : बाहेरच्या खणातही अंतर कमी झालंय, वाटीच्या मागे काटे आलेत, नडगी ओढली की पुढे सरकते. माझ्या हातालाही तो फरक कळला.

म्हणजे उजव्याला पार्शल, डाव्याला टोटल. एकाच बाईचे दोन गुडघे आणि दोघांना वेगळं ऑपरेशन. आईचं बोट आणि तळहात आधीच हे सांगत होते.

त्यांना विचारलं, तुम्ही वर्षाला किती पार्शल करता. जरासुद्धा राग न येता म्हणाले, महिन्याला चार-पाच. चकती पक्की बसवतात. आत गेल्यावर एसीएल खराब दिसला तर तिथल्या तिथे टोटल करायची तयारी ठेवतात, त्याची संमती आधीच लिहून घेतात. ते ऐकून मला धीर आला.

पण एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.४ निघालं. इतकी साखर असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून साडेसातच्या खाली आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. एक दात किडलाय, तोही आधी काढायचाय. दोन्ही गुडघे एकदम नाहीत. जास्त दुखतो तो उजवा आधी, मग तीन महिन्यांनी डावा.

सह्यभटक्या | १९ जानेवारी, रात्री ९.४०

हे वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही तो प्रश्न विचारलात. मी विचारला नव्हता.

लेस्टरकर | २० जानेवारी, पहाटे ३.१५

मीही वरचं माझं वाक्य थोडं मागे घेतो. पहिल्या डॉक्टरांचं डाव्या गुडघ्याबद्दल बरोबरच होतं.

कृष्णाकाठ | १८ एप्रिल, सायंकाळी ५.२०

धागा वर काढते आहे. साखर ७.२ वर आली, वजन ६७ झालं. तीन महिने आईने भात अर्धा केला आणि मीनलताईंचे व्यायाम दिवसातून तीन वेळा, अगदी घड्याळ लावून.

१३ तारखेला उजव्याचं पार्शल झालं. कमरेतून भूल दिली. त्याच दिवशी संध्याकाळी वॉकर धरून दाराशी जाऊन आली. तिसऱ्या दिवशी घरी. आज पाचवा दिवस आहे, गुडघा ९२ अंशांपर्यंत वाकतो. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे तिनेच पाठ करून मला म्हणून दाखवलं. मला अडचण एवढीच झाली की आता तिचा ‘चांगला’ पाय कुठला म्हणायचा.

काळजीची गोष्ट एक आहे. वाकवायला जमतंय, पण पाय पूर्ण सरळ करताना मागे ताण येतो. झोपताना बरं वाटावं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवते आहे, तेवढीच तिला शांत झोप लागते. पोटरी मऊ आहे, सूज रोज थोडी उतरते आहे, ताप नाही. हे चालेल ना?

मीनल_फिजिओ | १८ एप्रिल, सायंकाळी ५.५०

आईंना शाबासकी सांगा. पाचव्या दिवशी ९२ म्हणजे छान आहे.

उशी आजपासून काढा. गुडघ्याखाली उशी ठेवली की गुडघा तसाच किंचित वाकलेला आखडतो, आणि पुढे तो बाक काढायला महिने जातात. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघा मोकळा अधांतरी राहू द्या, आपोआप खाली दबेल. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. वर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा म्हणजे सोसेल. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या, नंतर नाही. आज रात्री त्यांना झोप थोडी कमी लागेल, त्या कुरकुर करतील, तरी उशी परत देऊ नका.

पोटरी टणक झाली, दाबल्यावर दुखली किंवा एकाच पायाची सूज अचानक वाढली, तर इथे लिहीत बसू नका, थेट डॉक्टरांना फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनचीही वाट न बघता दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ | १८ एप्रिल, रात्री ८.१०

उशी काढली. टॉवेल टाचेखाली आहे. पाच मिनिटं झाली, आई मोठ्याने आकडे मोजते आहे.